सारथी आणि लगामधारक

२८ ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर फॉर्म्युला वन मोटारींचा पहिला सराव सुरू झाला, आणि थोड्याच वेळात तो थांबवावा लागला. हर्मान टिल्के ह्या जर्मन स्थापत्यकाराने आखलेल्या त्या सव्वापाच किलोमीटरांहून किंचित लहान शर्यतमार्गावर एक भटके कुत्रे आले होते. लाल निशाण दाखवले गेले, मोटारी परतल्या, कुत्र्याला बाहेर काढण्यात आले आणि सराव पुन्हा सुरू झाला. दोन दिवसांनी सेबास्टियन फेटेलने ती शर्यत जिंकली; पुढील दोन वर्षांच्या शर्यतीही त्यानेच जिंकल्या आणि २०१३ नंतर फॉर्म्युला वन येथे परतली नाही. त्या कुत्र्याची वार्ता तेव्हा जगभर थट्टेचा विषय झाली. पण तिच्यात एक गंभीर प्रश्न दडलेला होता, आणि तो तेव्हापेक्षा आज अधिक निकडीचा झाला आहे.

शर्यतमार्ग हे बंदिस्त विश्व असते. त्याचे नियम त्याचे स्वतःचे असतात, तेथे येणारा प्रत्येक जण स्वेच्छेने येतो आणि बाहेरचे जग आत शिरले तर खेळ थांबतो. ह्या सर्किटलगतच ग्रेटर नोएडापासून आग्र्यापर्यंत १६५ किलोमीटरांचा यमुना द्रुतगती मार्ग जातो. तो ऑगस्ट २०१२ मध्ये खुला झाला. त्याचे सरळ, सिमेंटचे, लांबवर पसरलेले रूप वेगाला तितकेच आमंत्रण देणारे आहे. पण तेथे कुत्रे आडवे आले, थंडीतल्या पहाटे धुक्यात एखादा ट्रक दिव्यांवाचून उभा राहिला, तर निशाण दाखवायला कोणी उभे नसते. कुंपणाच्या आतला आणि बाहेरचा वेग दिसायला एकच असला, तरी त्यांची नैतिक प्रकृती एक नाही. ज्यांना मोटारविश्वात परफॉर्मन्स कार म्हटले जाते, त्या वेगवान मोटारींचे वैशिष्ट्य असे की त्यांची कल्पना कुंपणाच्या आत जन्मते आणि त्यांचे आयुष्य बहुतांशी कुंपणाच्या बाहेर जाते. अशा मोटारीत चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा असावी काय, हा प्रश्न ह्या दुहेरी नागरिकत्वातून उद्भवतो.

ही यंत्रणा म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. ठरवलेला वेग आपोआप कायम राखणाऱ्या क्रूझ कंट्रोलची कल्पना राल्फ टीटर ह्या अमेरिकन अभियंत्याची. वयाच्या पाचव्या वर्षी त्याची दृष्टी गेली होती. मोटार चालवणाऱ्या त्याच्या वकिलाला बोलता बोलता वेग कमीजास्त करण्याची खोड होती आणि त्या हिसक्यांना कंटाळून टीटरने हे उपकरण योजले, असे सांगितले जाते. त्याला १९५० मध्ये पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लरने ते आपल्या मोटारीत बसवले. ज्याला स्वतः मोटार चालवता येणे शक्य नव्हते, अशा प्रवाशाने दुसऱ्याच्या हातातील चंचलतेवर शोधलेला हा उपाय होता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पुढे १९९० च्या दशकात जपानी आणि जर्मन कंपन्यांनी त्याला पुढचे वाहन ओळखण्याची शक्ती दिली. आता रडार पुढच्या मोटारीचे अंतर मोजते, ती मंदावली की आपली मोटार मंदावते, ती दूर गेली की आपली पूर्ववत वेग घेते. हीच अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल. भारतात २०२० नंतर, विशेषतः महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ही मोटार २०२१ मध्ये आल्यापासून, ती मध्यमवर्गाच्या परिचयाची झाली. पोर्शे ९११ सारख्या मोटारीतही ती मागणीनुसार मिळते. आणि ज्या मोटारीचा लौकिकच मुळी चालकाच्या हातावर उभा आहे, तिच्यात हा दुसरा हात आलेला पाहून वेगाचे रसिक अस्वस्थ होतात.

त्यांची अस्वस्थता हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तिचे स्वरूप मराठी वाचकाला तरी अपरिचित वाटू नये. कला ही कलेसाठी की जीवनासाठी, हा ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर ह्यांच्या नावांशी जोडला गेलेला वाद मराठी साहित्यविचाराने दीर्घ काळ जोपासला. सामान्य मोटार ही जीवनासाठी असते. ती कोठून तरी कोठे तरी नेते, आणि नेण्यात तिचे प्रयोजन संपते. वेगवान मोटार मात्र वेगासाठी वेग मागते. तिच्यातून गुरुग्रामहून निघालेला माणूस जयपूरला पोहोचतो हे आनुषंगिक होय. वळणात शिरताना ब्रेक कोठे सोडावा, चाकांची पकड सुटण्याच्या क्षणाच्या किती अलीकडे राहावे, गिअर बदलताना इंजिनाचा स्वर कोठे तुटू द्यावा, ह्या निर्णयांच्या साखळीत तिचा आनंद असतो. हे निर्णय यंत्राने घेतले तर आनंद सुकर होत नाही, तो नाहीसाच होतो. सतार आपोआप वाजू लागली तर वादकाचे श्रम वाचतील, पण वादन उरणार नाही. रसिकांचा आक्षेप असा मांडला म्हणजे त्याचे बळ ध्यानात येते.

ह्या आक्षेपाला आपल्या परंपरेतही आधार सापडतो. महाभारताच्या वनपर्वातील नलाची कथा ही, अन्य अनेक गोष्टींबरोबरच, रथ हाकण्याच्या कौशल्याची कथा आहे. राज्य गमावलेला, रूप पालटलेला नल बाहुक ह्या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून, म्हणजे आजच्या भाषेत पगारी ड्रायव्हर म्हणून राहतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते, आणि विदर्भापर्यंतची वाट एका दिवसात तोडण्याचे काम बाहुकावर पडते. तो दिसायला कृश, पण आतून समर्थ अशा घोड्यांची निवड करतो. संध्याकाळी रथ कुंडिनपुरात शिरतो तेव्हा महालातील दमयंतीला सारथी दिसत नाही, ऐकू येतो तो रथाचा घोष. तो घोष नलाच्या रथासारखा आहे, ही तिला पटलेली पहिली खूण. नलाचे जुने घोडे तेथे पागेत होते, तेही तो आवाज ऐकून उल्हसित झाले, असे व्यास सांगतात. रूप, नाव, राज्य सारे गेल्यावरही ज्यात माणूस शिल्लक राहतो आणि ज्यावरून तो ओळखला जातो, ते त्याचे कौशल्य होय, असा ह्या प्रसंगाचा अर्थ आहे. बाहुकाचा रथ आपोआप अंतर राखून, आपोआप वेग सांभाळून आला असता, तर दमयंतीने कोणाला ओळखले असते?

मोटारशर्यतींच्या जगाने हा प्रश्न स्वतःला विचारलेला आहे, आणि त्याचे उत्तर उद्बोधक आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी फॉर्म्युला वनच्या मोटारी इतक्या सुबुद्ध झाल्या होत्या की रस्त्याच्या चढउतारांनुसार त्यांची बैठक आपोआप बदलत असे आणि चाक घसरू लागले की शक्ती आपोआप आवरली जात असे. १९९४ च्या हंगामापासून ह्या साऱ्या साहाय्यांवर बंदी आली. बंदी मोडली जाते की नाही हे संगणकाच्या आज्ञावलीत शोधणे अवघड ठरले, म्हणून चाकांची घसरण रोखणारी यंत्रणा २००१ च्या हंगामात पुन्हा मान्य करावी लागली. आणि सर्व मोटारींना एकाच प्रकारचे नियंत्रक उपकरण देऊन २००८ मध्ये ती पुन्हा हद्दपार झाली. चालकाची चूक ही चालकाचीच राहिली पाहिजे, असा ह्या आग्रहाचा आशय होता. परंतु ह्याच काळात त्याच खेळाने चालकाचे रक्षण करणाऱ्या उपायांत कोणतीही कसर ठेवली नाही. १९९४ मध्ये इमोला येथे आयर्टन सेना मृत्यू पावला, त्यानंतर शर्यतमार्ग बदलले, मोटारींची रचना बदलली आणि २०१८ पासून चालकाच्या मस्तकाभोवती हेलो नावाचे कडे आले. २०२० मध्ये बहरीनच्या शर्यतीत रोमँ ग्रोजाँची मोटार कठड्यात घुसून पेटली, आणि तो त्या ज्वाळांतून चालत बाहेर आला.

येथे एक भेद हाती लागतो. साहाय्य आणि संरक्षण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहाय्य कृतीत वाटा घेते, संरक्षण कृतीच्या परिणामांची धार बोथट करते. साहाय्याने कौशल्य कमी पडले तरी चालते. संरक्षणाने कौशल्य कमी पडल्याचे शासन प्राणदंडाहून हलके होते. शर्यतीच्या जगाने साहाय्य नाकारले आणि संरक्षण स्वीकारले. कलावंताच्या दृष्टीने ही भूमिका निर्दोष आहे. ती तशी राहू शकते त्याचे कारण मात्र एकच, तेथे धोक्यात असतो तो प्रामुख्याने कलावंत स्वतः.

कुंपणाबाहेर हे गृहीतक कोसळते. १० जानेवारी १९९९ च्या पहाटे दिल्लीच्या लोधी कॉलनीत एका वेगवान जर्मन मोटारीखाली सहा माणसे मृत्यू पावली. त्यांत तीन पोलीस होते. तो खटला २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला. २२ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्गावर, हरियाणातील नूह जिल्ह्यात, एक अतिशय मौल्यवान व बलाढ्य मोटार आणि एक तेलाचा टँकर ह्यांची टक्कर झाली. मोटारीतले लोक वाचले. टँकरचा चालक आणि त्याचा मदतनीस गेले. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शे मोटारीच्या धडकेने मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते मरण पावले. मोटार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा असल्याचे पोलिसांनी सांगितले, आणि बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना घातलेल्या अटींत रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. त्या अटीने महाराष्ट्रात संताप उसळला. ह्या घटनांत दोष कोणाचा आणि किती, हा न्यायालयांचा विषय आहे. त्या एकमेकींसारख्याही नाहीत. पण तिन्हींत एक गोष्ट समान आहे. ज्यांनी प्राण दिले त्यांचा त्या मोटारीच्या वेगाशी, तिच्या सौंदर्याशी, तिच्या चालकाच्या कौशल्याशी वा त्याच्या अभावाशी काही संबंध नव्हता. ते ह्या कलेचे रसिक नव्हते, ते फक्त रस्त्यावर होते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ ह्या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा होता, आणि त्याखालोखाल पायी चालणाऱ्यांचा. अतिवेग हे ह्या मृत्यूंचे प्रमुख कारण म्हणून नोंदलेले आहे. ह्या आकड्यात वेगवान मोटारींचा हिस्सा अगदी नगण्य असणार, कारण अशा मोटारीच देशात थोड्या. तरीही नैतिक प्रश्नात संख्येइतकेच महत्त्व कारणाच्या प्रकृतीला असते. थकलेल्या ट्रकचालकाचा वेग त्याच्या खेपांच्या हिशेबातून येतो. वेगवान मोटारीचा वेग निव्वळ आनंदातून येतो. आनंद हा क्षुद्र हेतू नव्हे, पण परक्या प्राणांचे मोल देऊन विकत घ्यावा इतका थोरही नव्हे. ऋतुपर्णाचे उपरणे वाटेत उडून पडले तेव्हा ते उचलण्यासाठी थांबायला त्याने सांगितले, आणि बाहुक म्हणाला की ते आता एक योजन मागे राहिले. वेगाचा हा जो विस्मय आहे, त्याची दुसरी बाजूही ह्याच उत्तरात आहे. वेगात जे मागे पडते ते परत मिळत नाही. एका कथेत ते उपरणे असते. लोधी कॉलनीत ते उपरणे नव्हते.

असे असेल तर उत्तर सरळ वाटेल. रस्ता सर्वांचा आहे, म्हणून रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटारीत, आणि बलाढ्य मोटारीत तर अधिकच, आवर घालणारी यंत्रणा असावी. पण ज्या यंत्रणेपासून ही चर्चा सुरू झाली, ती खरोखर आवर घालणारी आहे काय? येथे दुसरा भेद करावा लागतो, आणि रसिक व सुधारक दोघेही तो सहसा करत नाहीत. समोर अडथळा आला आणि चालकाने काहीच केले नाही, तर अखेरच्या क्षणी स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा ही एक गोष्ट. ती एरवी मौन असते. चालकाच्या हातातून काहीही काढून घेत नाही. त्याच्या चुकीचा भार दुसऱ्यावर पडू नये एवढेच पाहते. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल ही निराळी गोष्ट आहे. चालकाने ती सुरू केली तरच ती चालते. त्यानेच नेमलेला वेग ती राखते. ज्याला बेफाम जायचे आहे तो ती सुरू करीतच नाही. म्हणजे जेथे आवर सर्वाधिक हवा तेथे ती अनुपस्थित असते, आणि जेथे ती असते तेथे तिचे मुख्य काम चालकाचा शीण हलका करणे हे असते. कायद्यानेही हा भेद ओळखलेला दिसतो. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून नव्या मोटारींना आपत्कालीन ब्रेकची आणि वेगमर्यादेची जाणीव देणारी यंत्रणा सक्तीची केली. अंतर राखणारी क्रूझ कंट्रोल सक्तीची केलेली नाही. एकीत परक्याचा प्राण गुंतलेला आहे, दुसरीत मुख्यतः स्वतःची सोय. लोधी कॉलनीत किंवा कल्याणीनगरात आपत्कालीन ब्रेकने काय घडले असते, हे ठामपणे सांगता येणार नाही. अतिवेगात आणि अंधारात अशा यंत्रणांनाही मर्यादा पडतात. पण निदान ती यंत्रणा योग्य दिशेला तोंड करून उभी असते.

सोय म्हणून तरी तिला वेगवान मोटारीत स्थान असावे काय? दिल्लीहून आग्र्याला जाणाऱ्या दोन-अडीच तासांच्या एकसुरी वाटेवर चालकाची मान लवू लागते, आणि एकसुरीपणा हाही मारेकरी असतो, हे नाकारता येत नाही. ह्या वाटेवर वळणांची कला नसतेच. मग तेथे यंत्राने अंतर राखले तर कलेची हानी कोणती? हा युक्तिवाद रास्त आहे. पण त्याला एक जुनी अडचण चिकटलेली आहे. लिझान बेनब्रिज ह्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ मध्ये ‘स्वयंचलनातील उपरोध’ अशा आशयाच्या शीर्षकाचा एक लेख लिहिला. यंत्र जितके विश्वसनीय, तितका माणसाचा सराव कमी. आणि यंत्र हात टेकते तो क्षण नेमका सर्वांत अवघड असतो. म्हणजे कमी सराव असलेल्या माणसाच्या हाती सर्वांत कठीण काम येते. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरात कोसळून २२८ जण गेले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचल्यावर स्वयंचलित उड्डाणयंत्रणेने नियंत्रण वैमानिकांच्या हाती परत दिले होते; विमान कोणत्या अवस्थेत आहे हे त्यांना उमगले नाही.

राजधानीच्या परिसरातील रस्त्यांवर हा उपरोध विमानाहून अधिक लवकर प्रत्ययास येतो. यंत्र समोर सुरक्षित अंतर राखते, आणि दिल्लीत मोकळे अंतर म्हणजे शेजारच्या मोटारीला दिलेले निमंत्रण. ती आत शिरते, यंत्र पुन्हा मागे सरकते, पुन्हा कोणी शिरते. अशा अनेक यंत्रणा मुख्यतः चालत्या वाहनाचा पाठलाग करण्यासाठी घडवलेल्या असतात. वेगात असताना पुढे स्थिर उभे असलेले वाहन त्या ओळखतीलच असे नाही, अशी सूचना त्यांच्या पुस्तिकांतच असते. विरुद्ध दिशेने येणारी मोटारसायकल, दुभाजकावरून उतरणारी गाय, रस्ता ओलांडताना मध्येच थबकलेली बाई ह्यांचा समावेश यंत्राच्या जगात अजून पुरता झालेला नाही. तेव्हा चालकाने सतत जागे राहिले पाहिजे. पण ज्याला काही करायचे नाही त्याने सतत जागे राहायचे, ही माणसाकडून केलेली सर्वांत कठीण मागणी आहे. रात्रीच्या पहारेकऱ्याला हे ठाऊक असते.

गांधीजींच्या यंत्रविचाराचे येथे स्मरण होते. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मुळे ते यंत्रमात्राचे वैरी मानले गेले, पण १९२४ मधील एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. यंत्र माणसाच्या अवयवांना निकामी करू लागले की ते त्याज्य, माणसाच्या जिव्हाळ्यातून आणि त्याच्या हितासाठी आले तर ग्राह्य, अशा आशयाची ती कसोटी होती. ती ह्या प्रश्नाला लावली तर निर्णय यंत्राच्या नावावरून होत नाही. कोणता अवयव दुबळा होतो, ह्यावरून होतो. चालकाचा पाय दुबळा झाला तर फारसे बिघडत नाही. त्याचे अवधान दुबळे झाले तर मात्र बिघडते, कारण रस्त्यावरच्या साऱ्या परक्यांशी त्याचे असलेले नाते त्या अवधानातच वसलेले असते.

प्राचीन रथाच्या रूपकांतही हेच अवधान केंद्रस्थानी आहे. कठोपनिषदाने शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटले. धम्मपदातील क्रोधवर्गात ह्याहून नेमका विचार आहे. भरधाव निघालेल्या रथासारखा उसळणारा क्रोध जो आवरतो त्यालाच तेथे सारथी ही पदवी मिळते. इतर जन केवळ लगाम हाती धरणारे. ज्या जिल्ह्याला आणि ज्या शर्यतमार्गाला बुद्धाचे नाव दिले गेले आहे, तेथे हा भेद आठवणे अस्थानी होऊ नये. ह्या व्याख्येत सारथ्याची कसोटी वेग ही नाही. वेग घोड्यांचा असतो, इंजिनाचा असतो; तो विकत मिळतो. सारथ्याचे स्वतःचे असे जे असते, ते आवरणे होय. शर्यतीचा चालकही वस्तुतः हेच करतो. वळणापूर्वी तो जे करतो ते आवरणेच असते, आणि ज्याला ते उत्तम साधते तो जिंकतो. कलेच्या आणि नीतीच्या दृष्टींत जो विरोध आरंभी भासला होता, तो येथे बराचसा विरघळतो. शर्यतमार्गावरचे कौशल्य आणि रस्त्यावरचा विवेक ही एकाच शक्तीची दोन नावे आहेत. एकात ती शक्ती चाकांची पकड ओळखते, दुसऱ्यात परक्याचे अस्तित्व.

ह्या प्रकाशात दोन्ही पक्षांना काही सोडावे लागेल. जो रसिक म्हणतो की साहाय्य म्हणजे आपल्या कलेचा अपमान, त्याने आधी ती कला सिद्ध केली पाहिजे, आणि सिद्ध करण्याची जागा यमुना द्रुतगती मार्ग ही नव्हे. ती कुंपणाच्या आत आहे. तेथे त्याने सर्व साहाय्ये बंद करावीत आणि दमयंतीने ओळखावे असा घोष उठवावा. रस्त्यावर मात्र अखेरच्या क्षणी ब्रेक लावणाऱ्या यंत्राला नकार देण्याचा अधिकार त्याला नाही, कारण त्या यंत्राने वाचणारा प्राण त्याचा नसतो. दुसऱ्या पक्षाने, म्हणजे साहाय्याच्या पुरस्कर्त्याने, अंतर राखणाऱ्या सोयीला सद्गुणाचे नाव देणे सोडावे. ती सोय वेगवान मोटारीत असली म्हणून मोटार भ्रष्ट होत नाही आणि नसली म्हणून चालक शूर ठरत नाही. लांबच्या वाटेवर ती वापरावी. पण वापरताना यंत्राकडे काम सोपवता येते, उत्तरदायित्व सोपवता येत नाही, ह्याचे भान ठेवावे. अर्जुनाने सारथ्य दुसऱ्याच्या हाती दिले, पण युद्धाचा भार त्यामुळे त्याच्यावरून उतरला नाही. तो भार त्याचाच आहे हे सांगण्यातच त्याच्या सारथ्याचे अठरा अध्याय खर्ची पडले.

दिल्लीत आणि गुरुग्राममध्ये मोटार बाळगणाऱ्यांच्या एका मोठ्या वर्गाला साहाय्याची ही कल्पना नवी नाही. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या ड्रायव्हर असतो. तो पुढचे अंतर राखतो, धुक्यात काच उतरवून रस्त्याचा कानोसा घेतो, आणि त्याचे कौशल्य सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण उत्तम सारथ्याची खूण काहीही न घडणे ही असते. वेगवान मोटारीत बहुधा दोनच जण बसतात आणि मालक स्वतः चालवायला बसतो. आयुष्यभर मागच्या आसनावर बसलेला रथी त्या दिवशी सारथी होऊ पाहतो. यंत्र त्याला लगाम धरायला मदत करील. सारथी होणे त्याचे त्यालाच साधावे लागेल.

नलाच्या कथेत आणखी एक तपशील आहे, आणि तो सहज नजरेआड होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे एका दृष्टिक्षेपात मोजून सांगतो. बाहुकाला ते खरे वाटत नाही. ऋतुपर्ण घाईत आहे, स्वयंवर दुसऱ्या सकाळचे आहे, तरी त्या काळचा सर्वांत वेगवान सारथी रथ थांबवतो, खाली उतरतो आणि झाडाची फळे मोजून पाहतो. त्या थांबण्यातूनच त्याला द्यूताचे रहस्य मिळते, आणि त्याच्या देहात शिरून बसलेला कली बाहेर पडतो. वेगाने त्याची ओळख पटवली. पण कलीपासून सुटका झाली ती रथ उभा असताना.